शेवटच्या गाण्यापासून सुरुवात

गाणे ऐकायला जाणाऱ्या माणसांत दोन जाती असतात. पहिली जात ओळखीचे गाणे पुन्हा जसेच्या तसे ऐकायला मिळावे म्हणून जाते. तबकडीवरची हरकत तिथेच आणि तेवढीच आली, की यांचे पैसे फिटले! दुसरी जात नेमकी उलट. काल झाले ते आज होऊ नये, आज काहीतरी निराळे घडावे आणि ते घडताना आपण तिथे असावे, एवढ्यासाठी ही मंडळी तिकीट काढतात. आपल्या बैठकींना जाणारा रसिक बहुधा या दुसऱ्या जातीचा. राग तोच, बंदिश तीच; पण बुवा आज तिचे काय करतात, हे पाहायला तो पहिल्या रांगेत जागा धरतो.

अमेरिकेत या दुसऱ्या जातीची माणसे थोडीथोडकी नाहीत, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. ती ज्या वाद्यवृंदांच्या मागे धावतात त्यांना 'जॅम बँड' म्हणतात. हा जॅम पावाला लावायचा नव्हे. चारसहा वादकांनी जमावे, गाण्याचा मुखडा तेवढा ठरलेला असावा, आणि मग एकमेकांचे ऐकत, वाट फुटेल तिकडे वाजवत जावे, याला तिकडे 'जॅम' म्हणतात. या पंथाचे मूळपीठ म्हणजे 'ग्रेटफुल डेड'. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी १९६५ साली हा वृंद जमला आणि त्याने तीस वर्षांत तेवीसशेच्या आसपास कार्यक्रम केले. नाव अभद्र वाटते खरे; पण ते एका जुन्या लोककथेतून आले आहे. कोणा बेवारस मृताचे अंत्यसंस्कार एक वाटसरू पदरमोड करून करतो आणि तो कृतज्ञ मृतात्मा पुढे त्याच्या मदतीला धावतो, अशी ती कथा.

या वृंदाच्या एका कार्यक्रमाची हकिकत मला सांगायची आहे. तारीख ३ जुलै २०१५, वार शुक्रवार, गाव शिकागो. पण ती रात्र समजायची, तर थोडे मागे जायला हवे.

खोलीतला सोबती

मी १९७६ साली इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी शिकागोला गेलो. खोलीतला सोबती मिळाला तो विस्कॉन्सिनकडचा, एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या पलंगाखाली बुटांचे खोके असत आणि खोक्यांत बूट सोडून बाकी सर्व, म्हणजे कॅसेटच कॅसेट असत. प्रत्येकीवर बारीक अक्षरात तारीख आणि गाव. गाण्याचे नाव विचारले तर तो म्हणायचा, "नाव काय विचारतोस? तारीख विचार!" मला एकदम दादरचे आमचे काका आठवले. त्यांच्याकडेही खाजगी बैठकींची ध्वनिमुद्रणे अशीच हातोहात आलेली होती, आणि तेही 'यमन' न म्हणता 'अमक्यांच्या वाड्यातला यमन' असे म्हणत.

डेडची रीत अशी, की श्रोत्यांनी कार्यक्रम मुद्रित करून नेले तरी त्यांना चाले. पुढे १९८४ पासून तर या मुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून ठेवू लागले. अट एकच: फिती विकायच्या नाहीत, अदलाबदल करायची. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा! पण त्यामुळेच हे संगीत घरोघर पोचले. मे १९७७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या त्यांच्या एका कार्यक्रमाचे मुद्रण तर पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवून घेतले.

१९७८ च्या हिवाळ्यात सोबत्याने मला शिकागोच्या अपटाउन थिएटरात प्रथम नेले. बाहेर बर्फ आणि आत राजवाड्यासारखे जुने चित्रपटगृह, त्यात केसाळ पोरापोरींची झुंबड. पहिला अर्धा तास मला काहीच कळेना. मग हळूहळू ध्यानात आले. गिटार वाजवणारा तो गलेलठ्ठ, दाढीवाला जेरी गार्सिया एकटा वाजवत नव्हता. तो ऐकत होता. लहानपणी अपघातात त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट तुटलेले. उरलेल्या बोटांनी तो एक स्वर टाकी आणि पलीकडे उभा असलेला फिल लेश त्याच्या बास गिटारवर त्याला उत्तर देई. बासवाल्याने खाली पाया धरून बसावे हा सर्वत्रचा शिरस्ता. लेश तो मानीतच नसे. त्याची स्वतःची एक धून खालून समांतर वाहत असे. त्यात ताल धरणारे दोघे, बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट. एक गाणे संपते न संपते तोच दुसऱ्याचा मुखडा धुक्यातून गाव दिसावे तसा दिसू लागे, आणि जाणती मंडळी मुखडा पुरता येण्याआधीच आनंदाने ओरडत. समेच्या आधी मान डोलावणारे आपले रसिक मी पाहिले होते. हे तेच होते, फक्त उभे राहून.

त्यानंतर सतरा वर्षांत आम्ही दोघांनी किती कार्यक्रम ऐकले, याचा हिशेब त्याच्याकडे आहे. नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. पण उन्हाळ्यात एक फेरी ठरलेली.

९ जुलै १९९५

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठी सोल्जर फील्ड नावाचे, उंच खांबांच्या रांगांचे जुने क्रीडांगण आहे. ९ जुलै १९९५ च्या रात्री आम्ही दोघे तिथे होतो. गार्सिया थकलेला दिसत होता. शब्द विसरत होता, बोटे मागे पडत होती. पण मध्येच 'सो मेनी रोड्स' या गाण्यात त्याने असा काही आवाज लावला, की माझ्या शेजारी बसलेला गडी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. शेवटी गार्सियाने एक शांत गाणे म्हटले आणि त्यावर लेशने 'बॉक्स ऑफ रेन' म्हणून रात्र संपवली. हे गाणे लेशचे. त्याचे वडील मृत्युशय्येवर असताना त्यांच्याजवळ बसून म्हणता यावे म्हणून त्याने चाल केली आणि रॉबर्ट हंटर या कवीने तिला शब्द दिले.

बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्टला, गार्सिया गेला. वय अवघे त्रेपन्न. आम्ही ऐकला तो त्या वृंदाचा त्याच्यासहचा शेवटचा कार्यक्रम ठरला. डिसेंबरात उरलेल्या मंडळींनी 'ग्रेटफुल डेड' हे नाव बंद केले.

माझ्या सोबत्याने त्या दिवशी फोनवर एकच वाक्य उच्चारले, "संपलं." आणि त्याने ते पाळले. पुढे उरलेले वादक निरनिराळ्या नावांनी वाजवीत राहिले, तरुण गिटारवादक येत-जात राहिले. हा एकदाही गेला नाही. मी गेलो की म्हणायचा, "विधुराच्या घरी जेवायला गेला होतास वाटतं?"

लिफाफ्यावरचे कमळ

जानेवारी २०१५ मध्ये बातमी आली. वृंदाला पन्नास वर्षे होत होती. हयात असलेले चौघे, म्हणजे लेश, हार्ट, क्रॉइट्झमन आणि दुसरा गिटारवादक बॉब वेअर, अखेरचे एकत्र वाजवणार होते. आणि तेही सोल्जर फील्डवर, जुलैच्या ३, ४ आणि ५ तारखांना. गार्सियाच्या जागी 'फिश' या पुढच्या पिढीच्या जॅम बँडचा ट्रे अ‍ॅनास्टॅसिओ.

मी सोबत्याला फोन केला. तो थंडपणे म्हणाला, "जेरीची जागा कोणी घ्यायची नसते. शेवटची रात्र मी ऐकली आहे. तिच्यावर दुसरी रात्र मुद्रित करायची नाही मला."

हे बोलणे माझ्या मनाला लागले, कारण ते खोटे म्हणता येईना. मी तासभर नुसता येरझारा घालीत होतो. शेवटी आमच्या सौभाग्यवतीने विचारले तेव्हा सर्व सांगितले. हिने पुण्यात आठ वर्षे गाणे शिकलेले. डेडला ती 'तुमचा कलकलाट' म्हणते आणि छत्तीस वर्षांत एकदाही कार्यक्रमाला आलेली नव्हती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमच्या बाई गेल्या तेव्हा त्यांच्या पुण्यतिथीला कोण गायलं? शिष्यिणीच ना? मग तो विश्वासघात झाला का? प्रश्न एवढाच, की हा नवा मुलगा नक्कल करतो की गातो. ते ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

"मग येतेस?"

"येते. पण कापूस नेणार कानात घालायला."

तिकिटांची तऱ्हाही जुन्या वळणाची. काही तिकिटे टपालाने मागवायची होती. ठरावीक मापाच्या कार्डावर मागणी लिहायची, सोबत मनी ऑर्डर जोडायची आणि कॅलिफोर्नियातल्या स्टिन्सन बीच नावाच्या चिमुकल्या गावच्या टपालपेटीकडे पाठवायचे. लिफाफा चित्रांनी सजवायचा, ही भक्तांची जुनी चाल. सांगाडे आणि गुलाब ही या वृंदाची चिन्हे. मी सांगाडा काढायला घेतला तेव्हा हिने पेन काढून घेतले. "घरातून सांगाड्याचं चित्र टपालात जायचं नाही!" म्हणत तिने रांगोळीतले अष्टदल कमळ काढले आणि भोवती गोपद्मे. त्या गावी असे साठ हजारांवर लिफाफे जाऊन पडले. पुष्कळांची मनी ऑर्डर परत आली. आमच्या कमळाला मात्र शुक्रवारची दोन तिकिटे लागली. हिचे म्हणणे, ते कमळामुळेच.

गाडीतळावरची जत्रा

डेडचा कार्यक्रम गाडीतळावर सुरू होतो. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा जत्राच भरली होती. रंगीत फरकाट्यांचे हाताने रंगवलेले सदरे, मणी, चित्रे आणि तव्यावर भाजलेले चीज-सँडविच विकणारे. पांढरे केस झालेले आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन फिरत होते. काहीजण नुसते एक बोट वर करून उभे होते. हिने विचारले, "हे काय, पंच आहेत का?" मी सांगितले, की यांच्याजवळ तिकीट नाही आणि कोणीतरी जादा तिकीट फुकट देईल या आशेवर ते उभे आहेत, याला इथे 'मिरॅकल' म्हणतात. आमच्यादेखत एका बाईने खिशातून तिकीट काढून अनोळखी पोराच्या हातावर ठेवले आणि ती पुढे गेलीसुद्धा. तो पोरगा मटकन खालीच बसला.

हिने कापसाची पुडी पर्समध्ये परत टाकली ती तेव्हा, हे मी पाहिले. बोललो मात्र नाही.

तीन जुलैची रात्र

आत सत्तर हजारांच्या आसपास माणसे होती. सूर्य मावळायचा होता. वादक आले, स्वर जुळवले, आणि पंचाहत्तर वर्षांचा फिल लेश ध्वनिक्षेपकाशी आला. पहिले सूर आले आणि ते क्रीडांगण क्षणभर सुन्न झाले. मग जो आवाज उठला तो मी जन्मात ऐकला नव्हता.

गाणे होते 'बॉक्स ऑफ रेन'.

वीस वर्षांपूर्वी याच मैदानावर ज्या गाण्याने रात्र संपली होती, त्याच गाण्याने त्यांनी सुरुवात केली. मध्ये जणू काही झालेच नव्हते. किंवा जे झाले ते कोणी विसरले नव्हते. भाषण नाही, श्रद्धांजली नाही. मरणाऱ्या बापासाठी केलेले गाणे एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या गेलेल्या मित्राच्या मागे, त्याच जागी म्हटले. माझ्या पुढच्या रांगेत दोन धिप्पाड पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. हिने विचारले, "काय झालं?" मी सांगितले. मग तीही गप्प झाली.

पहिल्या भागात अ‍ॅनास्टॅसिओ जपून वाजवीत होता. गुरूच्या गादीवर बसताना अंग चोरून बसावे तसे. सूर स्वच्छ, गाणी पाठ; पण पाऊल उंबऱ्याच्या बाहेर पडत नव्हते. मला सोबत्याचे शब्द आठवले आणि पोटात खड्डा पडला.

दुसऱ्या भागात 'स्कार्लेट बेगोनियाज' सुरू झाले. हे गाणे पुढे 'फायर ऑन द माउंटन'ला जोडून वाजवायचे, ही १९७७ पासूनची प्रथा, आणि जाणत्यांचे सगळे लक्ष या दोन गाण्यांमधल्या पुलावर असते. तो पूल रोज नवा बांधावा लागतो. अ‍ॅनास्टॅसिओ तिथे आला आणि थांबला. दोन-तीन स्वरांशीच घोळत राहिला. लेशने खालून काहीतरी वेगळेच टाकले. पोराने मान वर केली, हसला आणि त्याच्या मागे निघाला. मग जे सुरू झाले ते गार्सियाचे नव्हते. गार्सियाचा स्वर गोल, थेंबासारखा. याचा लांब, ताणलेला, चढत जाणारा. पण ऐकणे गार्सियाचे होते. प्रत्येक वाक्यानंतर तो बाकीच्यांसाठी जागा सोडत होता.

हिने माझा दंड धरला. "गातोय," ती म्हणाली. एवढेच.

आणि गंमत पाहा, 'फायर ऑन द माउंटन' या गाण्याशी आपलेही नाते आहे. मिकी हार्ट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उस्ताद अल्लारखांच्या तबल्याने भारला गेला. पुढे अल्लारखांचे चिरंजीव, माहीमचे झाकिर हुसेन, कॅलिफोर्नियात आले. सान राफेल गावी उस्ताद अली अकबर खांचे संगीत महाविद्यालय होते आणि त्याच परिसरात डेडचेही बिऱ्हाड. हार्ट आणि झाकिर यांच्या 'दिगा ऱ्हिदम बँड'ची तबकडी १९७६ साली निघाली. तिच्यातल्या एका रचनेत गार्सियानेही गिटार वाजवली. तीच रचना पुढे शब्द लेवून 'फायर ऑन द माउंटन' झाली.

पुढे दोघा तालवाद्यवाल्यांचा वेळ आला. बाकी सर्व मंचावरून उतरले आणि ही दोन म्हातारी पोरे नाना देशींची चामडी वाद्ये बडवू लागली. त्यानंतर 'प्लेइंग इन द बँड' आले तेव्हा शेजारी मांडीवर बोटे पडत असल्याचे मला दिसले. ही मात्रा मोजत होती.

"दहा आहेत," ती म्हणाली.

"झपताल?"

"झपतालाचे खंड नाहीत हे. उगाच कुठेही आपलं घोडं दामटू नका. पण मुखड्याचा फेरा दहाचाच आहे. आणि चुकत नाहीत!"

शेवटी 'रिपल' झाले. हे साधे, अंगणात बसून म्हणावे असे गाणे. वादकांचा आवाज ऐकूच येईना, कारण सत्तर हजार माणसे ते म्हणत होती. बाहेर पडताना कोणी धक्काबुक्की केली नाही. लोक हळूहळू सरोवराच्या बाजूने चालत होते आणि मधूनच कोणी चाल धरली की अंधारात शेजारचे चारजण ती उचलीत होते.

फोन

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोबत्याला फोन करावा की नाही, या विचारात होतो. त्याचाच आला. उपग्रह-रेडिओवरून कार्यक्रम सर्वत्र ऐकवला गेला होता. घरात ऐकायचे नाही असे त्याने ठरवलेच होते, म्हणून अंगणात उभ्या असलेल्या मोटारीत जाऊन बसला आणि तिथे त्याने पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सर्व ऐकले!

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बॉक्स ऑफ रेनने सुरुवात करतील असं वाटलं नव्हतं."

"आणि तो पोरगा?"

"जेरी नाही तो," सोबती म्हणाला. पुन्हा थांबला. "पण नक्कल केली नाही त्याने. उद्याची रात्र तुमच्याकडे येऊन ऐकली तर चालेल का?"

रविवारी शेवटचा कार्यक्रम आम्ही तिघांनी दिवाणखान्यात बसून पाहिला. हिने साबुदाण्याची खिचडी केली होती. अखेरीस मिकी हार्टने श्रोत्यांना सांगितले, की इथली ही भावना घरी घेऊन जा, तिने काही भले करा आणि दयाळूपणे वागा. सोबती टाळ्या वाजवीत उभा राहिला. जणू तिथे कोणी त्याला पाहत होते.

मागे उरते ते

त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. फिल लेश ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच झाकिर हुसेन गेले. ज्या मैफिलींच्या फिती आम्ही जपून ठेवल्या, त्यांतली माणसे एकेक करून उठून चालली आहेत. सोबत्याच्या बुटांच्या खोक्यांत मात्र आता एक खोके वाढले आहे. त्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिले आहे: ३ जुलै २०१५, शिकागो. पूर्वी त्याच्या सर्व फिती ९ जुलै १९९५ ला संपत असत.

आमच्या त्या तासभराच्या येरझारांना हिने दिलेले उत्तर मला अजून पुरते आहे. थोर कलावंताची जागा रिकामी राहते, ती भरत नाही. पण त्याने लावलेली ऐकण्याची सवय मागे उरते. ती वादकांत उरते तशीच श्रोत्यांतही उरते. आणि तिला जर कोणी बोलावलेच नाही, तर मात्र तो कलावंत खरोखर गेला म्हणायचे.

यंदाच्या दिवाळीत तुमच्या गावी पहाटेचे गाणे असेलच. कोणा गेलेल्या बुवांचा किंवा बाईंचा एखादा तरुण शिष्य तिथे बसलेला असेल. 'छे, ती सर नाही' असे म्हणण्यापूर्वी मध्यलय होईपर्यंत थांबा. पोरगा अंग चोरून बसला असेल, तर तेही समजून घ्या. गादी नवी आहे. पण तो मध्येच थांबून साथीदाराकडे पाहून हसला आणि अनोळखी वाटेने निघाला, तर सावरून बसा, आणि शेजारच्याचा दंड धरायला विसरू नका.